पहिलं पाणी

माझ्या सासऱ्यांना कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या बोलण्यात सुनेची अदब कुणी शोधत बसणार नाही. अदब मी त्यांच्या हयातीत राखली. डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, समोरून कधी गेले नाही. एकदाच काय ते तोंड उघडलं, आणि त्याचं जे झालं तेच इथं सांगायचं आहे.

मी आळंदची, दिली मुरुमला. दोन्ही गावं निजामाच्याच राज्यात, मध्ये बैलगाडीचा दिवसभराचा रस्ता. माझी आई म्हैसूरकडची. तिनं लग्नात कॉफीची सवय बरोबर आणली आणि आम्हा भावंडांना लावली. तिची रीत साधी होती. तांब्याभर पाणी खळखळून उकळलं की चुलीवरून उतरायचं, मग त्यात पूड टाकायची, एकदाच ढवळायचं आणि झाकण घालून विसरून जायचं. पूड तळाला बसली की मऊ धोतराच्या तुकड्यातून गाळायचं. दूध वेगळं तापवायचं आणि ते शेवटी, ज्याला जेवढं हवं तेवढं. त्या कापडाला साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचं. वापरून वापरून ते तपकिरी झालं की आई म्हणायची, आता कुठं कापड कॉफीच्या लायकीचं झालं. लग्नात तिनं मला भांडी दिली, लुगडी दिली, तसा तो एक तुकडाही दिला. मुरुमला आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या यजमानांनी त्या तुकड्यानं सायकलची साखळी पुसली. मळकं फडकं दिसलं, घेतलं, पुसलं. त्यांची किंमत तेव्हाच कळली, एवढंच.

मुरुमच्या त्या घरी रोजचा चहा. कॉफी पाहुण्यांना, नाहीतर कुणाला ताप आला तर. आणि ती करायची कशी? पातेल्यात दूध, साखर, पूड, जायफळ सगळं एकदम टाकायचं आणि तीनदा वर येईपर्यंत रटारटा उकळायचं. मी पहिल्यांदा तोंडात घेतली तेव्हा कुणीतरी खीर करायला निघालं आणि मध्येच विचार बदलला असं वाटलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ती बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायचे आणि पाहुण्यांना सांगायचे की अशी कॉफी उमरग्यापर्यंत कुणाकडं मिळणार नाही. ते खरंच होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बायकांचा वाटा त्या घरी ठरलेला होता. पुरुषांचं झालं की पातेल्यात राहिलेल्या चोथ्यावर पाणी ओतायचं, गुळाचा खडा टाकायचा आणि पुन्हा उकळायचं. चहाचंही तसंच. आत्याबाईंनी तीस वर्षं हे दुसरं पाणीच प्यायलं होतं. किती घालू, गोड करू का, आणखी हवं का, काहीही विचारा, उत्तर एकच: "काय बी चालतं मला." मला या उत्तराची चीड यायची. जिला काय बी चालतं तिला काहीच कळत नसणार, असं मी धरून चालले. अठरा वर्षांची होते आणि त्या घरात शहाणी मी एकटीच अशी माझी खात्री होती.

मामंजींची आडत होती, ज्वारी-तुरीची. लढाईच्या दिवसांत ते एका लग्नासाठी बेंगळूरला जाऊन आले आणि येताना पितळी फिल्टर घेऊन आले. वर एक डबा, त्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची चकती, खाली दुसरा डबा. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, कारकुनानं तो उघडून उजेडात धरला आणि हे काय म्हणून विचारलं. मामंजींनी पूजेचं सामान म्हणून ठोकून दिलं. रोज कपाळभर विभूती लावून तासभर लिंगपूजा करणारा माणूस एका भोकाच्या डब्यासाठी देवाला पुढं करतो, याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट ही गोष्ट त्यांनी महिनाभर आल्यागेल्याला ऐकवली आणि सगळे दर वेळी हसले.

बेंगळूरला ते कुणाच्या तरी ओट्यावर बसून कॉफी प्यायले होते. आत ती कशी करतात हे बघायला ते कशाला जातील? तरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं करून फिल्टर कसा लावायचा ते शिकवलं. पूड भरली, चकती अंगठ्यानं जोर लावून दाबली, वरून उकळतं पाणी ओतलं. थेंब लवकर पडेना तसा डबा हलवला, दोन चापट्या मारल्या. शेवटी खाली काळा दाट अर्क उतरला. तो त्यांनी तसाच, दुधाशिवाय, एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की मला पदर तोंडाशी धरावा लागला.

मग ते विचार करायला लागले. मामंजी विचार करायला लागले की घरात सगळ्यांना धडकी भरायची, कारण विचाराअंती जे ठरेल ते मग हलायचं नाही.

"अंबाडीचं कसं करता तुमी?" ते आत्याबाईंना म्हणाले. "उकडून पहिलं पाणी ओतून देता. आंबट जातंय, मग भाजी चांगली लागती. ह्याचं बी तसंच हाय. पहिलं पाणी कडू. ते काढायचं, दुसरं प्यायचं."

आणि त्यांनी त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतलं, खाली फिकट काहीतरी उतरलं, त्यात भरपूर दूध, साखर आणि जायफळ घालून प्यायले, आणि बेंगळूरवाल्यांनाही जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं या आनंदात दिवसभर फिरले. पहिलं पाणी मोरीत ओतायचं म्हणून आत्याबाई भांडं घेऊन उभ्या होत्या, पण त्यांचा हात धजेना. तेव्हा साखर कंट्रोलची, पूड मिळेल तेव्हा मिळायची. मामंजींना त्यांची अडचण दिसली. टाकता कशाला, बायकांनी प्यावं, बायकांना कडू चालतंय, असं ते उदारपणानं म्हणाले. यजमानांनी मान हलवली. ते वडिलांच्या प्रत्येक बोलण्यावर मान हलवायचे, मानेला दुसरा काही उद्योग नव्हता.

मी खाली बघून बरं म्हटलं. मनात म्हटलं, देव आहे.

त्या दिवसापासून घराचा क्रमच उलटा झाला. पुडीचा डबा मामंजींच्या कपाटात कुलपात असायचा, किल्ली त्यांच्या करदोट्याला. सकाळी ते एक वाटी पूड मोजून द्यायचे, एका वेळच्या फिल्टरपुरती, आणि पूजेला बसायचे. त्यांची पूजा उरकेपर्यंत आम्ही पहिलं पाणी उतरवून घ्यायचो. ते आमचं. मग त्याच चोथ्यावर दुसरं पाणी, ते पुरुषांचं. तहसिलीतले पेशकार कधी उमरग्याहून आले तर त्यांनाही हेच धुवण जायफळ लावून मिळायचं. ते 'बहोत खूब' म्हणायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे.

आत्याबाईंची अडचण वेगळीच निघाली. नवऱ्याच्या आधी त्यांनी जन्मात काही तोंडात घातलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्या आपली वाटी झाकून ठेवायच्या आणि मामंजींचं झाल्यावर पाण्यासारखी थंड झालेली कॉफी प्यायच्या. मी त्यांना समजावलं की मामंजींनीच काढायला सांगितलंय, काढून थंड करा असं काही सांगितलेलं नाही. त्यांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दाराकडं पाठ करून बसल्या आणि गरम प्यायल्या. पिऊन झाल्यावर वाटी हातात तशीच धरून बसल्या. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार, हिला काय बी चालतं.

इथंच मी चुकले. मी त्यांना शिकवायला निघाले होते आणि महिन्याभरात त्या मला शिकवायला लागल्या. चकती दाबू नको, नुसती पुडीवर टेकव, त्या म्हणाल्या. पाणी एकदम ओतू नको, आधी चमचाभर ओतून पूड भिजू दे, मग बाकीचं. आम्ही दोघी रोज काहीतरी करून बघायचो. गूळ घालून, साखर घालून, काहीच न घालता. सगळा अर्क उतरू द्यायचा की निम्म्यावर थांबायचं. दूध आधी की नंतर. मला आईच्या कापडाची चव हवी होती आणि ती पितळेतून येत नव्हती, म्हणून मी कुरकुर करायचे. आत्याबाईंकडं तुलना करायला काहीच नव्हतं, त्या नुसत्या चव घ्यायच्या. एके दिवशी मामंजींनी दिलेली पूड हातात घेतल्याबरोबर म्हणाल्या की आज पूड जुनी आहे. पूड आळंदहून माझा भाऊ पाठवायचा. पुढच्या खेपेला त्याचा निरोप आला की मागची पूड दुकानात पडून राहिलेली होती, नाइलाजानं पाठवली. मला चाखूनही ते कळलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी मी त्यांच्या वाटीत दूध घालत होते तर त्यांनी माझा हात धरला.

"कमी घाल," त्या म्हणाल्या. "मला दूध कमी लागतं."

मी पळी तशीच धरून थांबले. मला लागतं, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण लगेच त्यांनी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून त्यांची कॉफी ठरली. पहिल्या पाण्याचा निम्मा अर्क, दोन चमचे दूध, गुळाचा बोराएवढा खडा, आणि ती पितळी वाटीत, कपात नाही. त्याच्यात तसूभर फरक पडलेला त्यांना चालायचा नाही. जिला आजवर काय बी चालत होतं तिला आता एक गोष्ट चालत नव्हती, आणि ती सांगताना त्या जरा ताठ बसायच्या.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. आता माझं सांगते. आत्याबाईंना त्या वाटीत कॉफी मिळत होती. मला त्याहून जास्त गोडी बाहेरच्या बैठकीची होती. मामंजी धुवण पितायत, यजमान मान हलवतायत, पाहुणे वाहवा करतायत, हे मी रोज दाराआडून बघायचे आणि माझा दिवस चांगला जायचा. त्यांना तुच्छ मानण्यात मला जे सुख होतं ते कॉफीत नव्हतं. एकच खंत होती, ती म्हणजे हे त्यांना कळत नव्हतं. आपण मूर्ख आहोत हे मूर्खाला कळू नये यासारखी पंचाईत नाही.

येळवशीला अण्णा आला, म्हणजे पूड पाठवणारा माझा भाऊ. येळवस आमच्याकडचा मोठा सण, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचं. तो झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैठकीत मामंजींसमोर बसला. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी आत फिल्टर लावला होता. पहिलं पाणी उतरलं होतं, बाहेर दुसरं पाणी जायफळासकट गेलं होतं. मी आत्याबाईंची वाटी भरली, गुळाचा खडा टाकला, त्यांच्या हातात दिली.

बाहेर मामंजी अण्णाला फिल्टर दाखवत होते. करोडगिरीच्या नाक्याची गोष्ट झाली. अण्णानं घोट घेतला. त्याला काय आहे ते एका घोटात कळलं असणार, तो आईचा मुलगा. पण पाहुणा म्हणून छान झाली म्हणाला. मामंजी खुलले. ते म्हणाले की तुमच्याकडं अजून तोच प्रकार चालतो ना, कापडाचा? तुमच्या आईच्या हातची एकदा प्यायलो होतो मी. लंगोट पिळून दिल्यासारखी लागली.

यजमान हसले. अण्णा खाली बघून थोडासा हसला.

ते थोडंसं हसणं मला सहन झालं नाही. माझं डोकं फिरलं. अण्णाच्या हातात द्यायला काही हवं म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं आणि आत्याबाईंच्या हातातली वाटी काढून घेतली. त्यांनी ओठाला लावलीही नव्हती. ती घेऊन मी सरळ बैठकीत गेले आणि अण्णापुढं ठेवली.

"अण्णा, कॉफी ही हाय," मी म्हटलं. "मामंजी पितेत ते चोथ्याचं धुवण हाय. पहिलं पाणी आमी बायका पितो, हे दुसरं पितेत. विचार त्यांना."

अण्णानं विचारलं नाही. त्यानं वाटी उचलली, वास घेतला आणि एक घोट प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते लपवणं त्याला जमलं नाही. आई गेल्यापासून त्याला अशी कॉफी मिळाली नसावी. मामंजी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी हात पुढं करून ती वाटी घेतली आणि स्वतः चाखली. पुन्हा तेच तोंड केलं, पहिल्या दिवशी केलं होतं तसं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगितलं तवापासनं."

ते ओरडले नाहीत. यजमान सतरंजीचा धागा काढत बसले होते. मी आत आले तेव्हा माझी छाती आनंदानं भरली होती. वाटलं, आत्याबाई पाठीवरून हात फिरवतील. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. हात अजून तसेच होते, वाटी धरल्यासारखे.

अण्णा जेवून निघाला. जाताना मला म्हणाला की बरं केलंस, आणि डोळे पुसले. संध्याकाळी मामंजींनी दारातूनच सांगितलं की उद्यापासून पहिलं पाणी बाहेर यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेलं. मामंजींनी त्यात अर्धा तांब्या दूध ओतलं, चार चमचे साखर घातली, जायफळ उगाळून घातलं, आणि तरी कडू लागलं म्हणून डोळे मिटून औषध घ्यावं तसं संपवलं. त्यांना ते तेव्हाही आवडलं नाही, पुढंही कधी आवडलं नाही. पण पहिलं आहे म्हटल्यावर ते सोडतील कसे? दहा-बारा दिवसांनी त्यांना ढेकर यायला लागले, तरी प्यायचे. यजमानही प्यायचे आणि मान हलवायचे. पूर्वी घरात दोघींना तरी कॉफी मिळत होती, आता कुणालाच मिळेना. एवढ्या अर्काची अशी नासाडी दररोज बघायची म्हणजे माझ्या अंगाची लाही व्हायची.

बायकांना पुन्हा दुसरं पाणी आलं. आत्याबाईंनी ते पूर्वीसारखं मामंजींच्या नंतर, थंड करून प्यायला सुरुवात केली. मला वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं अजून वाटत नव्हतं. खरं बोलले, आईचा मान राखला, असंच वाटत होतं. चार दिवसांनी मी युक्ती केली. बाहेर जाणाऱ्या अर्कातून अर्धी वाटी हळूच काढून ठेवली. दोन चमचे दूध, बोराएवढा गूळ, पितळी वाटी, सगळं त्यांच्या मनासारखं. तेवढ्यानं बाहेर कुणाला फरक कळणार नव्हता, तिथं फरक कळणारं होतंच कोण. वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वास घेतला. मग वाटी दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली.

"चोरून न्हाय प्यायची म्या," त्या म्हणाल्या. "ते आपल्या हातानं देत होते. मूर्खपणानं का व्हईना, देत होते. म्हणून घशाखाली जात होती."

मूर्खपणानं. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. तीस वर्षं त्या माणसाबरोबर काढून त्यांना कळणार नाही तर मला कळणार होतं? फरक इतकाच की त्यांना ते कुणाला दाखवायचं नव्हतं. मी मामंजींना तुच्छ मानत होते, यजमानांना मानत होते, आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंनाही मानत होते. माझा मोठेपणा चारचौघांत सिद्ध व्हायला एक वाटी लागली, आणि ती माझी नव्हती.

मी ती अर्धी वाटी मोरीत ओतली. माझ्याही घशाखाली गेली नसती. मग फिल्टरमध्ये दुसरं पाणी घातलं. मामंजींचं आटोपलं, कपबश्या आत आल्या. मी आत्याबाईंची पितळी वाटी घेतली, त्यात ते फिकट पाणी ओतलं, आणि पळी हातात घेऊन विचारलं, आत्याबाई, दूध किती घालू?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या चुलीतली राख पुढं ओढत होत्या.

"काय बी चालतं मला," त्या म्हणाल्या.